बैठकीच्या निमंत्रणाला उत्तर: एका संकेताचा इतिहास

ईमेलने आलेले बैठकीचे निमंत्रण स्वीकारण्याची वा नाकारण्याची सोय पूर्वी बहुधा एकाच कंपनीच्या प्रणालीपुरती मर्यादित असे. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या ‘व्हर्सिट’ या संघाने १९९६ मध्ये ‘व्हीकॅलेंडर’ हा सामाईक आराखडा मांडला, तरी त्याचे खरे फळ नोव्हेंबर १९९८ मध्ये मिळाले. इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या ‘आयईटीएफ’ या संस्थेने तेव्हा ‘आयकॅलेंडर’ प्रसिद्ध केले. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या लोटस आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांतील दोघांनी ते मिळून लिहिले होते, ही बाब विशेष गौरवास्पद आहे.

या संकेतानुसार प्रत्येक बैठकीला एक स्वतंत्र ओळखचिन्ह मिळते आणि निमंत्रिताचे उत्तर तेच चिन्ह घेऊन परतत असल्यामुळे संयोजकाच्या दिनदर्शिकेत त्या व्यक्तीच्या नावापुढील नोंद आपोआप बदलते. होकार, नकार आणि अनिश्चितता यांच्याबरोबरच आपल्या जागी दुसऱ्याला पाठवण्याचीही तरतूद त्यात आहे. दुसरी वेळ सुचवता येते, मात्र मूळ वेळ बदलण्याचा अधिकार संयोजकाकडेच राहतो. सर्वांत सूक्ष्म विचार दिसतो तो मौनाबाबत: उत्तर न आलेले निमंत्रण होकार वा नकार न धरता ‘कृती बाकी’ अशा स्वतंत्र अवस्थेत नोंदले जाते. २००९ मध्ये या संकेताची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हाही ही अवस्था कायम ठेवण्यात आली.