गझीरच्या मुलींचा गालिचा

अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या मालकीचा एक गालिचा आहे. लांबी सुमारे साडेअठरा फूट, रुंदी साडेअकरा फुटांहून थोडी जास्त. बायबलातल्या एदेन बागेचं चित्र त्यावर विणलं आहे आणि त्यात शंभराहून अधिक प्राणी आहेत. त्याच्या गाठीही मोजलेल्या आहेत: 44,04,206. म्हणजे चौरस इंचाला जवळजवळ 140. ताण्याच्या धाग्यांत लोकर अडकवायची, गाठ खाली ओढायची, टोक कापायचं, ओळ भरली की बाणा घालून ठोकून घट्ट बसवायची. लेबननमधल्या गझीर गावच्या अनाथालयात सुमारे 400 आर्मेनियन मुलींनी हे काम केलं. दहा महिने लागले. प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी 11,000 गाठी आल्या.

या गालिच्याचं कूळ शोधत गेलं की आपण उर्फा शहरात पोहोचतो. आज ते तुर्कस्तानात आहे. 1895 मध्ये तिथे आर्मेनियन लोकांची कत्तल झाली. घरंच्या घरं कर्त्या पुरुषांविना उरली. योहानेस लेप्सियुस या जर्मन पाद्र्यांनी आपल्या फ्रीसडॉर्फ गावातला गालिच्यांचा कारखाना उचलून उर्फाला नेला, विधवांच्या हाताला काम मिळावं म्हणून. त्याच शहरात अमेरिकन मिशनच्या कोरिना शॅटक यांनी बायकांना रुमालांचं नाजूक सुईकाम दिलं. अन्नछत्र काही दिवसांनी आटोपतं. हातात आलेलं कसब पोटाला आधार देत राहतं, हे या दोघांनी ओळखलं होतं.

लेप्सियुस यांच्या मिशनच्या दवाखान्यात 1899 मध्ये याकोब क्युन्झ्लर रुजू झाले. मूळचे स्वित्झर्लंडचे सुतार, पुढे रुग्णसेवेचं शिक्षण घेतलेले. 1905 मध्ये मिशनरी घराण्यातल्या एलिझाबेथ बेंडर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांचा संसार उर्फात वाढला. आर्मेनियन, तुर्क, कुर्द, अरब असे सगळेच त्या दवाखान्याच्या दारात येत. 1915 मध्ये हद्दपार आर्मेनियनांचे तांडे उर्फावरून वाळवंटाकडे हाकले जाऊ लागले. शहरातल्या आर्मेनियनांचीही गत तीच झाली. दवाखान्याचे डॉक्टर युद्धामुळे स्वित्झर्लंडमध्ये अडकलेले, त्यामुळे शस्त्रक्रियांपासून सगळं क्युन्झ्लर यांच्यावर येऊन पडलं. नवरा-बायको दोघांनीही शहर सोडलं नाही. पोरक्या मुलांना त्यांनी आसरा दिला आणि डोळ्यांदेखत घडलेलं क्युन्झ्लर यांनी पुढे पुस्तकातून जगापुढे मांडलं.

त्याच वर्षी अमेरिकेत मदतीसाठी जी समिती उभी राहिली, तीच पुढे ‘निअर ईस्ट रिलीफ’ झाली. तिच्या अग्रभागी होते जेम्स बार्टन, अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे चिटणीस. या बोर्डाचं परदेशातलं पहिलं ठाणं 1813 मध्ये मुंबईत पडलं होतं. आपल्याकडे ते अमेरिकन मराठी मिशन म्हणून रुजलं. समितीसाठी अमेरिकेत चर्चमधून, शाळांतून, घराघरांतून वर्गणी गोळा झाली. 1930 पर्यंत ती 11 कोटी 60 लाख डॉलरपर्यंत गेली आणि सुमारे 1,32,000 अनाथ मुलांचा सांभाळ झाला. 1923 पासून डिसेंबरातला एक रविवार ‘गोल्डन रूल संडे’ म्हणून पाळला जाऊ लागला. इतरांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसंच आपण त्यांच्याशी वागावं, ही त्यामागची शिकवण. त्या दिवशी अनाथालयातल्यासारखं साधं जेवण करायचं आणि वाचलेले पैसे निधीला द्यायचे.

1922 मध्ये याच संस्थेसाठी क्युन्झ्लर दांपत्याने सुमारे 8,000 अनाथ मुलांना तुर्कस्तानातून सीरिया-लेबननकडे सुखरूप आणलं. पुढच्याच वर्षी जंतुसंसर्गामुळे याकोब यांचा हात कापावा लागला. तरी त्यांनी गझीरमध्ये मुलींसाठी माग उभे केले. तिथल्या मुली त्यांना पपा म्हणत. अमेरिकेतून पैसा आला, धान्य आलं, कपडे आले; पण ते कुणाच्या हाती द्यायचं, कुणाला आधी द्यायचं, हे जाणणारी माणसं तिथे संकटाच्या कितीतरी आधीपासून राहत होती. मदतकार्याचं खरं बळ मला या शेजारात दिसतं. दुष्काळ, युद्ध, भूकंप आला की आपण निधीचे आकडे वाचतो. त्या निधीला वाट दाखवणारं घर वर्षानुवर्षांच्या मुक्कामानेच उभं राहतं.

4 डिसेंबर 1925 रोजी हा गालिचा कृतज्ञतेची भेट म्हणून अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना देण्यात आला. पद सोडल्यावर ते तो नॉर्थॅम्प्टनच्या घरी घेऊन गेले. 1982 मध्ये कुटुंबाने तो व्हाइट हाउसला परत दिला. 2013 मध्ये स्मिथसोनियन संस्थेला तो एका कार्यक्रमात मांडायचा होता. व्हाइट हाउसने गालिचा दिला नाही आणि कार्यक्रम रद्द झाला. 1915 पासूनच्या आर्मेनियनांच्या वंशसंहाराला त्या नावाने संबोधणं तेव्हाही अमेरिकी सरकारला जड जात होतं. नोव्हेंबर 2014 मध्ये मोजके दिवस तो लोकांना पाहायला मिळाला. 2021 मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी वंशसंहार हा शब्द अधिकृतपणे उच्चारला.

एवढ्या मुलींनी मिळून जी साक्ष 1925 मध्येच विणून दिली होती, ती अधिकृतपणे मान्य करायला अमेरिकेच्या अध्यक्षांना 96 वर्षं लागली. म्हणून हा गालिचा कायमचा लोकांसमोर असायला हवा, आणि त्याच्या पाटीवर कूलिज यांच्या आधी गझीरच्या मुलींचा उल्लेख हवा.