पगारपत्रकातले दोनशे रुपये

आजच्या व्याख्यानाची सुरुवात आपल्याच खिशातून करूया. तुमच्यापैकी जे महाराष्ट्रात नोकरी करतात त्यांनी आपलं पगारपत्रक डोळ्यांसमोर आणावं. कपातीच्या रकान्यात 'व्यवसाय कर, २००' अशी एक ओळ असते. फेब्रुवारीत ती ३०० होते. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, म्हणजे वर्षाचे २५००. हा आकडा काही सहज आलेला नाही. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे. पूर्वी ती २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५०० झाली.

हा कर कशासाठी सुरू झाला, असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. त्यासाठी आपल्याला १९७२ च्या दुष्काळाकडे जावं लागेल.

घरातल्या वडीलधाऱ्यांना 'बहात्तरचा दुष्काळ' म्हटलं की खडी फोडणं आठवतं आणि सुकडी आठवते. १९७० पासून सलग तीन वर्षं पावसाने दगा दिला होता. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. धान्य कमी होतं, पण मजुरी मिळत होती, म्हणून विकत घेण्याची ताकद अगदीच संपली नाही. दुष्काळ भीषण असूनही मोठा मृत्युकांड टळला, त्याचं एक प्रमुख कारण ही कामं होती, असं अभ्यासक मानतात.

आता मुद्दा असा, की दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी असते. जिल्ह्यात टंचाई जाहीर झाली तर काम, नाही तर नाही. पण भूमिहीन मजुराला दर उन्हाळा दुष्काळच असतो. ही गोष्ट ओळखली वि. स. पागे यांनी. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. जो काम मागेल त्याला काम, एवढाच त्याचा गाभा. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

इथे अर्थसंकल्पाच्या अभ्यासकाने थांबायला हवं. कारण 'हमी' हा शब्द अर्थसंकल्पाला मुळातच अडचणीचा आहे. एरवी सरकार मार्चमध्ये ठरवतं, की अमुक खात्याला अमुक कोटी. पैसे संपले की काम थांबलं. हमीत मात्र खर्च मंत्रालय ठरवत नाही. तो ठरवते नमुना ४ चा अर्ज भरून दारात उभी राहिलेली बाई. अर्ज आला की पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर रोज एक रुपया बेकारी भत्ता. किती जण येतील हे मार्चमध्ये कुणाला माहीत?

यावर उत्तर काढलं गेलं ते वेगळ्या निधीचं. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवरचा जादा कर, विक्रीकरावरचा जादा भार, बागायती जमिनीवरची विशेष आकारणी, बिगर निवासी इमारतींवरचा उपकर. हे सगळं रोजगार हमी निधीत जायचं आणि जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असं कायद्याने बांधून टाकलं. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून निघालेला रुपया बीडच्या पाझर तलावावर पोचला, आणि वाटेत त्याच्यात सरकारचा एक रुपया मिसळला. शहराने गावासाठी भरायचा असा उघड, नाव घेऊन लावलेला कर आपल्याकडे फारसा दिसत नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. १९८८ मध्ये रोहयोची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीने, जवळजवळ दुप्पट झाली. मजुरी वाढली तर मजूर जास्त यायला हवेत. झालं उलटं, कामावरची हजेरी घटली. अर्थशास्त्रज्ञांनी याचा बारकाईने अभ्यास केला तेव्हा दिसलं, की मागणी होती, पण कामंच पुरेशी काढली जात नव्हती. म्हणजे कायदा जागेवर होता, हमी मात्र पातळ झाली होती. पुढच्या काळात तर करातून येणारा पैसा योजनेवर होणाऱ्या खर्चाहून जास्त होऊ लागला.

हे कसं घडतं? कुणीही कायदा रद्द करत नाही. अर्ज घ्यायला कर्मचारी भेटत नाही, पन्नास मजूर जमल्याशिवाय काम निघत नाही, निघालं तर लांब निघतं, मस्टर उशिरा भरतं, मजुरी महिन्याने मिळते. मजूर कंटाळून ऊसतोडीला जातो. आणि कागदावर मागणीच नव्हती अशी नोंद होते.

२००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी असाच कायदा केला, शंभर दिवसांच्या अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला. महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्या पाठीशी होता. व्यवसाय कर मात्र चालूच राहिला. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याला त्याची वजावटही मिळते, म्हणजे त्यातला थोडा वाटा केंद्रही सोसतं.

तेव्हा अर्थसंकल्प वाचताना एक सवय लावून घेऊया. दूरदर्शनवर दिसतो तो पुढच्या वर्षाचा अंदाज. पुस्तकात त्याच्या शेजारी चालू वर्षाचा सुधारित अंदाज असतो आणि गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असतो. घोषणा पुढच्या वर्षाच्या रकान्यात असते, हमी पाळली की नाही हे प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात कळतं. दोनशे रुपये आपण दर महिन्याला भरतो, तेव्हा तो रकाना उघडून बघण्याचा हक्क आपलाच आहे. आणि जिच्यासाठी ते कापले गेले, तिला काम मिळालं का, हे विचारण्याची जबाबदारीही आपलीच.

आता तुमचे प्रश्न घेऊया.