कढीपत्ता मेला की झोपला? थंड प्रदेशातल्या घरच्या बागेचे नेहमीचे प्रश्न

शिकागोसारख्या शहरातल्या मराठी घरांत डिसेंबर-जानेवारीत एक दृश्य हमखास दिसतं. खिडकीशेजारी कुंडी, कुंडीत कढीपत्त्याच्या उघड्या काड्या आणि खाली पिवळ्या पानांचा सडा. उन्हाळाभर फोडणीला पुरून उरलेलं झाड महिन्याभरात असं का झालं, हे कळत नाही. मग काळजीपोटी पाणी वाढवलं जातं, खत घातलं जातं. फेब्रुवारीत झाड खरंच मरतं आणि दोष थंडीला दिला जातो.

थंडीचा त्यात वाटा असतोच. पण बऱ्याचदा शेवटचा घाव पाण्याचा असतो.

महाराष्ट्रात बागेचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. मृग लागला की पेरायचं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उत्तर अमेरिकेच्या थंड भागात मात्र ते ठरतं फ्रॉस्टच्या तारखांवर आणि दिवसाच्या लांबीवर. फ्रॉस्ट म्हणजे गोठलेलं दव. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ दव गोठल्याची बातमी हिवाळ्यात येते, तोच प्रकार. फरक इतकाच की तिथे ती बातमी असते आणि शिकागोत तो रोजचा मामला.

बियांच्या पाकिटावर लिहिलेला 'झोन' म्हणजे काय?

अमेरिकेच्या कृषी विभागाने देशाचा एक नकाशा केला आहे. त्यात १३ झोन आहेत. एखाद्या ठिकाणी वर्षातली सर्वांत थंड रात्र सरासरी किती थंड असते, त्यावरून झोन ठरतो. हा नकाशा २०२३ मध्ये नव्याने निघाला आणि त्यासाठी १९९१ ते २०२० या ३० वर्षांच्या नोंदी वापरल्या गेल्या. आधीचा नकाशा २०१२ चा होता. दोन्ही शेजारी ठेवले तर देशाचा जवळपास निम्मा भाग अर्ध्या झोनने उबदार झालेला दिसतो. म्हणजे घर घेतलं तेव्हा कुणी सांगितलेला झोन आज बदललेला असू शकतो.

शिकागो शहराचा बहुतेक भाग झोन ६ मध्ये येतो. तिथे सर्वांत थंड रात्रीचं सरासरी तापमान उणे १० ते शून्य फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे २३ ते उणे १८ सेल्सिअस असतं.

इथे एक गैरसमज होतो. झोन फक्त हिवाळ्याबद्दल बोलतो. झाड बाहेर जमिनीत राहिलं तर वाचेल का, एवढंच तो सांगतो. उन्हाळा किती कडक, किती लांब, याबद्दल तो गप्प असतो. सिॲटल आणि टेक्सासमधलं ऑस्टिन दोन्ही झोन ९ मध्ये आहेत, पण ऑस्टिनच्या उकाड्यात भेंडी तरारून येते आणि सिॲटलच्या गारव्यात ती रुसून बसते. त्यामुळे जी झाडं एकाच हंगामात संपतात, मिरची, टोमॅटो, भेंडी, दोडका, त्यांच्यासाठी झोन जवळपास निरुपयोगी आहे. त्यांना लागते ती तारीख.

मग बी पेरायचं कधी?

आपल्या भागात शेवटचा फ्रॉस्ट सरासरी कधी पडतो ते आधी बघायचं आणि तिथून मागे मोजायचं. शिकागोच्या आसपास ही तारीख एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत कुठेही असते. मिशिगन सरोवराच्या काठाला लवकर, आतल्या उपनगरांत उशिरा. पहिला फ्रॉस्ट ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास येतो. मधले पाच महिने हाच काय तो हंगाम. मेच्या दुसऱ्या रविवारी मदर्स डे असतो आणि नाजूक रोपं त्यानंतरच बाहेर लावायची, असा तिथल्या बागप्रेमींचा जुना ठोकताळा आहे.

मिरचीला रोप तयार व्हायला आठ ते दहा आठवडे लागतात. म्हणजे बी मार्चच्या सुरुवातीला घरात पेरायला हवं. वांग्याला साधारण आठ, टोमॅटोला सहा ते आठ आठवडे. काकडी, दोडका, दुधी यांना तीन-चार आठवडे पुरतात आणि त्यांची मुळं हलवलेली त्यांना आवडत नाहीत, म्हणून एकेक बी वेगळ्या कुंडीत टाकलेलं बरं. भेंडीची घाई नको. माती वीसएक अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय ती धड उगवत नाही, गार ओल्या मातीत बी कुजतं.

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, मटार यांचं उलट आहे. त्यांना गारवाच हवा. जमीन वितळून हाताने मोकळी करता आली की एप्रिलमध्ये ही बी थेट बाहेर पेरता येतात. अनेक जण मिरचीबरोबर मेच्या शेवटी कोथिंबीर पेरतात. मग जूनचं ऊन आणि लांबलचक दिवस लागले की ती पानांऐवजी फुलांवर जाते आणि बी खराब निघालं असा शिक्का बसतो.

घरात उगवलेली रोपं उंच, बारीक होऊन का पडतात?

उजेड कमी पडतो म्हणून. आपल्या डोळ्यांना खिडकी लख्ख वाटते, पण मार्चमधल्या काचेआडून येणारा उजेड रोपाला पुरत नाही आणि ते त्याच्या शोधात ताणत जातं. साधा पांढरा एलईडी दिवा रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगून रोज १४ ते १६ तास लावला तर फरक दिसतो. महागडा जांभळा दिवा हवाच असं नाही.

दुसरी चूक घाईची. घरात वाढलेलं रोप थेट उन्हात नेलं तर पानं पांढरी पडून करपतात. आधी तासभर सावलीत, मग दोन-तीन तास, मग थोडं ऊन, असं आठ-दहा दिवस चढवत न्यावं लागतं.

कढीपत्त्याला हिवाळ्यात होतं काय?

कढीपत्ता उष्ण प्रदेशातला. तापमान १५-१६ अंश सेल्सिअसच्या खाली राहू लागलं की त्याची वाढ थांबते. उजेडही कमी होतो. शिकागोत २१ जूनला दिवस सव्वापंधरा तासांचा असतो, तो २१ डिसेंबरला नऊ तासांवर येतो. मुंबईत हाच फरक सव्वादोन तासांचा आहे. एवढ्या कमी उजेडात पानं पोसणं झाडाला परवडत नाही, म्हणून ते पानं गाळतं आणि झोपी जातं.

झोपलेलं झाड पाणी जवळजवळ पीत नाही. पानंच नसतात, तर पाणी उडून जाणार कुठून? अशा वेळी नेहमीसारखं पाणी घालत राहिलं की माती आठवडेच्या आठवडे ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरून दिसतं ते फक्त सुकलेलं खोड. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो. डिसेंबरात जिवंत असलेलं झाड फेब्रुवारीत मरतं ते असं.

झाड मेलंय की झोपलंय, हे बघायला नखाने खोडाची साल अगदी हलकेच खरवडावी. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर आणखी खाली, मातीजवळ खरवडून बघावं. शेंडा मेला तरी बुंधा जिवंत असतो आणि एप्रिल-मेमध्ये तिथून फुटवा येतो. कित्येक कुंड्या याआधीच कचऱ्यात गेलेल्या असतात.

तोपर्यंत करायचं ते थोडंच. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं आणि तिथपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं, तेही कोमट किंवा खोलीच्या तापमानाचं. खत मार्चपर्यंत बंद. ताक घालायची सवय असेल तर तेही नव्या फुटव्यानंतर. कुंडी दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवावी, पण पानं काचेला टेकू देऊ नयेत आणि हीटरचा झोत थेट अंगावर घेऊ देऊ नये. हीटरच्या कोरड्या हवेत कोळी वाढतात. पानांखाली बारीक जाळं आणि पानांवर फिकट ठिपके दिसले की झाड बाथरूममध्ये नेऊन शॉवरखाली धुवावं.

कुंडी आत आणायची वेळ मात्र चुकवू नये. रात्रीचं तापमान १० अंशांच्या, म्हणजे ५० फॅरनहाइटच्या खाली जाऊ लागलं की आणायची. शिकागोत ही वेळ सप्टेंबरमध्येच येते, दिवसा अजून अर्ध्या बाह्यांत फिरता येत असतं तेव्हा. मोगऱ्यालाही हाच नियम लावता येतो.

आणि तुळस?

तुळशीची गोष्ट थोडी वेगळी. ती झोपत नाही, मरते. दहा अंशांच्या खाली पानं काळी पडू लागतात आणि एका फ्रॉस्टमध्ये अख्खं रोप जातं. गैरसोय अशी की तुळशीचं लग्न कार्तिकात, बहुतेकदा नोव्हेंबरात येतं, तेव्हा अंगणातली तुळस उरलेली नसते. म्हणून लग्नासाठी हवी असलेली तुळस सप्टेंबरपासूनच दिव्याखाली घरात असावी. बाकीच्या रोपांच्या वाळलेल्या मंजिऱ्या काढून कागदी पाकिटात ठेवाव्यात आणि मार्चमध्ये पेराव्यात. एकच रोप वर्षानुवर्षं तगवण्यापेक्षा हे सोपं पडतं.

नर्सरीत 'होली बेसिल' नावाने मिळणारी बरीच रोपं आपल्या तुळशीची नसून तिच्या जवळच्या दुसऱ्या जातीची असतात. घरची तुळस ओळखीच्या वासाने कळते. शंका असेल तर पान चुरगळून बघावं.

गावाकडून आणलेलं कांद्याचं बी का फसतं?

बी चांगलं असतं. दिवस चुकीचे असतात. कांदा गड्डा धरायला कधी सुरुवात करणार, हे दिवसाच्या लांबीवर ठरतं. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिकडचे वाण साधारण ११-१२ तासांच्या दिवसाला गड्डा धरतात. शिकागो ४२ अंशांजवळ आहे, तिथे मार्चअखेरीसच दिवस १२ तासांच्या पुढे जातो. हाच कांदा तिथे एप्रिलमध्ये लावला की चार पानं फुटायच्या आत त्याला वाटतं, वेळ झाली. हाती येतो लिंबाएवढा गड्डा. तिथे 'लाँग डे' असं लिहिलेलं बी घ्यावं लागतं, जे १४-१५ तासांच्या दिवसाला गड्डा धरतं.

वालाचं याच्या उलट होतं. आपल्याकडचे अनेक जुने वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. वेल ऑगस्टभर मांडव भरून टाकतो, पण एक शेंग नाही. सप्टेंबरअखेर फुलं येतात आणि शेंगा भरायच्या आत फ्रॉस्ट. यावर उपाय म्हणजे दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारे वाण. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का जय' आणि 'अर्का विजय' हे त्यातले.

लसणाचा महिना मात्र ओळखीचा, ऑक्टोबर. इथेही तेव्हाच लावतात आणि तिथेही. फक्त तिथे पाकळ्या मुळं धरून बर्फाखाली झोपतात आणि काढणी जुलैत होते. वर चार-सहा इंच पेंढा अंथरावा. पेंढा नसेल तर जमीन गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि त्या हालचालीत पाकळ्या वर ढकलल्या जातात. बर्फाचा जाड थर हे खरं तर पांघरूणच असतं.

रात्री फ्रॉस्टचा इशारा आला तर?

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री हवेचं तापमान दोन-तीन अंश असतानाही फ्रॉस्ट पडू शकतो, कारण पानं आणि जमीन हवेपेक्षा जास्त गार होतात. त्यामुळे फोनवर शून्य दिसायची वाट बघू नये. संध्याकाळी, जमिनीत ऊब असतानाच, जुनी चादर झाडावरून थेट जमिनीपर्यंत सोडावी. जमिनीची ऊब आत अडकली पाहिजे, नुसता शेंडा झाकून उपयोग नाही. पानांना टेकणारं प्लास्टिक नको, जिथे टेकेल तिथे पान करपतं. सकाळी चादर काढावी.

मातीच्या कुंड्या हिवाळ्यात बाहेर राहिल्या की तडकतात, कारण भिंतीत मुरलेलं पाणी गोठताना फुगतं. रिकाम्या करून कोरड्या ठेवाव्यात. कुंडीतल्या झाडाची मुळंही जमिनीतल्यापेक्षा खूप जास्त गारठतात. म्हणून बाहेर कुंडीत ठेवायचं झाड आपल्यापेक्षा निदान दोन झोन थंड भागात टिकणारं असावं.

कढीपत्त्याचं रोप भारतातून नेता येतं का?

नाही. ताजी पानंसुद्धा अमेरिकेत नेता येत नाहीत. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे आणि सिट्रस सायला ही कीड त्यावर राहते. ग्रीनिंग हा रोग ती पसरवते. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना तिची ओळख करून द्यायला नको. फ्लोरिडातल्या संत्रा बागांचं याच रोगाने प्रचंड नुकसान केलं. म्हणून अमेरिकेच्या आतही, कीड असलेल्या राज्यांतून कढीपत्त्याची रोपं बाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत. फ्लोरिडातल्या मावशीने प्रेमाने पोस्टाने पाठवलेलं रोपही नियमात बसत नाही. स्थानिक नर्सरीतून किंवा आपल्याच भागातल्या ओळखीच्या घरातल्या झाडाच्या बुडाशी आलेला फुटवा मुळासकट घेणं हा सरळ मार्ग.

भाज्यांच्या बियांनाही अमेरिकेच्या कृषी विभागाची परवानगी लागते आणि विमानतळावर त्या जाहीर कराव्या लागतात. न सांगता नेलेली पाकिटं जप्त होतात, दंडही होऊ शकतो. माती कुठल्याही स्वरूपात नेऊ नये, अगदी घरच्या तुळशीवृंदावनातली चिमूटभरसुद्धा.