दोन पाण्यांमधील आपली भूमी

पेणकरपाड्यात नव्याने राहावयास आलेली भगिनी पहिल्याच पावसाळ्यात विचारते, "येथे पाणी एवढे का साचते?" तिला गटारांची, नाल्यांची उत्तरे मिळतात व तीही खोटी नसतात. परंतु मूळ उत्तर पुष्कळ जुने आहे.

आपली भूमी साष्टी बेटाच्या उत्तर भागातली. पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेस वसईची खाडी. ही खाडी म्हणजे उल्हास नदीचेच मुख होय. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून, कर्जत, बदलापूर व कल्याणवरून सुमारे १२२ किलोमीटर वाहत ती येथे समुद्राला मिळते. डोंगरावरून गोडे पाणी खाली येते, भरतीबरोबर खारे पाणी वर चढते. या दोहोंच्या मध्ये तिवरांचे सखल खाजण होते. त्यात माणसाने मातीचा बांध घातला, तेव्हा कोठे शेत झाले.

हा बांध म्हणजे नुसता ढिगारा नव्हे. त्यात ठिकठिकाणी उघाडी असे. भरतीच्या दाबाने तिची झडप आपोआप मिटे व ओहोटी लागली की शेतातले जादा पाणी बाहेर जाई. मृगाच्या पावसाने जमिनीवरचा खार धुऊन निघाला की मोड आलेले भाताचे बी चिखलात फेकावयाचे. लावणी वरकडच्या गोड्या जमिनीत. खारात पिके तो तांबडा, जाडा तांदूळ. पीक वर्षातून एकच, कारण उन्हाळ्यात खार पुन्हा वर येतो. आणि एखाद्या उधाणाला बांधास खांड पडली, तर ते पीक तर जाईच, शिवाय जमीन सुधारण्यास दोन-तीन वर्षे लागत. म्हणून बांधावर माती टाकण्याचे काम एकट्यादुकट्याचे नसून साऱ्या गावाचे असे.

जेथे भात होईना तेथे मीठ पिकविले. मिऱ्याची व भाईंदरची मिठागरे प्रसिद्धच होती. पावसाळा सरला की कोंड्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावयाचा, उधाणाचे पाणी आत घ्यावयाचे, एका खणातून दुसऱ्या खणात फिरवून उन्हाने आटवावयाचे आणि वैशाखापर्यंत मीठ ओढून बांधावर रास करावयाची. ही रास डोक्यावरच्या पाट्यांनी वाहिली ती बहुतांशी बायकांनी. खाऱ्या पाण्याने त्यांच्या टाचा चिरत. मिठाच्या हिशेबात मणांची नोंद सापडते, टाचांची नाही!

राज्ये बदलली. १५३४ मध्ये पोर्तुगीज, १७३७ मध्ये मराठे, १७७४ मध्ये इंग्रज. बांधाला त्यांचे फारसे सुखदुःख नव्हते. महत्त्वाचे घडले ते १८७० साली. सरकारने घोडबंदर, भाईंदर व मिरे येथील जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. खारे पाणी अडविणारा बांध राखावा व कुळांकडून उत्पन्नाचा हिस्सा घ्यावा, असा तो व्यवहार. ९९९ वर्षे! एवढा दीर्घ हिशेब आपण घरातल्या लोणच्याचाही करीत नाही. पुढे १८८२ च्या कायद्याने परवान्यावाचून मीठ करणे गुन्हा ठरले. १९३० च्या सत्याग्रहात देशभर तो कायदा मोडला गेला आणि १९४७ मध्ये कर उठला.

खारजमिनींसाठी १९४८ व १९७९ साली कायदे झाले खरे, पण तोवर शेताला घराचे मोल येऊ लागले होते. १९८५ मध्ये मिरा-भाईंदर नगरपालिका, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती, २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. या माणसांना घरे हवी होती, आपणांसही हवीच होती. त्यात कोणाला दोष द्यावा? मात्र भराव घालताना जुन्या उघाड्या कोठे आहेत, हे विचारण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. २६ जुलै २००५ च्या प्रलयात पाणी आपल्या जुन्याच वाटा शोधीत होते.

अमावास्या-पौर्णिमेस येथे मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. जुन्या बायका तिथीवरूनच ती वेळ सांगत. त्याच वेळी पाऊस कोसळत असला तर पाण्याला बाहेर जाण्यास वाट उरत नाही. पूर्वी अशा वेळी उघाडीची झडप मिटलेली असे आणि ओहोटी लागेपर्यंत ते पाणी शेत आपल्या पोटात धरून ठेवी. ते शेत आता आपल्या इमारतींखाली आहे.