पाहणारा वेगळा, पाणी वळवणारा वेगळा

१/ संगणकांचे जाळे जिथून सांभाळले जाते, त्या दालनात दिवसभर एक शब्द कानी पडतो : मॉनिटरिंग. शासकीय मराठीत त्यासाठी 'संनियंत्रण' रूढ आहे. या शब्दाच्या पोटातच 'नियंत्रण' आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. लक्ष ठेवणे आणि ताबा ठेवणे या दोन भिन्न कृती आपण एका शब्दात बांधून टाकल्या. नाशिक जिल्ह्यातील बागलाणात मात्र या कामांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळी माणसे होती आणि त्यांची नावेही वेगळी होती. ही त्यांची हकिकत.

२/ गिरणेला मिळणाऱ्या मोसम आणि आरम, तसेच शेजारच्या धुळे जिल्ह्यातील पांझरा, या नद्यांवर सुमारे ३०० ते ४०० वर्षांपूर्वी 'फड' पद्धत आकाराला आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या, चारीतून एकेका शेतात शिरणारे सारंग आणि जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा, अशी तिची रचना. पाटाची लांबी २ ते १२ किलोमीटर असे.

३/ भिजणाऱ्या जमिनीचे साधारणपणे चार भाग पाडलेले असत. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एकच पीक घ्यायचे, हा नियम. कोणत्या फडात ऊस लावायचा आणि कोणता फड पडीक ठेवायचा, हे गाव दरवर्षी ठरवी. पिकांची फेरपालट होई, जमीन चिबड होत नसे. मोठ्या जाळ्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला आपापले नियम लावणे, यालाच आजचे संगणक अभियंते 'सबनेट' म्हणतात.

४/ आता माणसांकडे वळू. धोरण ठरवत ते पंच. रोजच्या कामावर देखरेख ठेवी तो हवालदार. पाटाची आणि त्यातल्या पाण्याची जबाबदारी पाटकऱ्याची. 'बारे देणे' म्हणजे पिकाला पाणी देणे. ते काम बारेकऱ्याचे. उभ्या पिकाची राखण करी तो जागल्या. गाई-गुरे शिरली, चोर आला, तर ते जागल्याच्या नजरेस पडायला हवे; पण पाणी वळवणे त्याच्या कामात बसत नसे. ज्याचे पीक सुकत आहे, तो शेतकरीही पाणी मनाला येईल तसे वळवू शकत नसे.

५/ हे वाटप नुसत्या सोयीचे नव्हते. उन्हाळ्यात पाटाला पाणी थोडे आणि तहानलेली शेते अनेक. नजर ठेवणाऱ्याच्याच हाती पाणी वळवण्याचा अधिकार दिला, तर त्याच्या नजरेवर विश्वास कोणी ठेवायचा?

६/ हाच प्रश्न पुढे संगणकांच्या जाळ्यापुढे आला. १९८८ साली 'एसएनएमपी' नावाची संदेशपद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यात 'मॅनेजर' विचारणा करतो आणि प्रत्येक यंत्रातला 'एजंट' उत्तर देतो. ठरावीक वेळाने केलेली विचारपूस म्हणजे 'पोलिंग'. काही बिघडले, तर न विचारता एजंटाने धाडलेली वर्दी म्हणजे 'ट्रॅप'. स्थिती वाचण्याची आज्ञा 'गेट' आणि ती बदलण्याची आज्ञा 'सेट'. पाहणे आणि वळवणे हे दोन शब्द इथेही निराळे राहिले.

७/ शब्द निराळे होते, कुलपे मात्र कच्ची होती. पहिल्या आवृत्तीत परवलीचा शब्द उघडाच पाठवला जाई. वाचण्यासाठी 'पब्लिक' आणि बदलण्यासाठी 'प्रायव्हेट' हे शब्द कित्येक यंत्रांत कारखान्यातून आले तसेच राहून गेले. ज्याला नुसते डोकावायचे होते, त्याच्या हातीही सहज किल्ली लागू शकत होती. ओळख पटवणारी आणि संदेश गुप्त ठेवणारी तिसरी आवृत्ती पूर्ण प्रमाण ठरायला २००२ साल उजाडले.

८/ फडांचे पुढे काय झाले? विहिरींवर पंप आले. ज्याची स्वतःची विहीर, त्याला सामाईक पाळीची गरज उरली नाही. अनेक ठिकाणी फड विस्कळीत झाले आणि बारेकरी, पाटकरी, जागल्या हे शब्द बोलण्यातून मागे पडू लागले. त्या शब्दांसोबत एक भेदही पुसट होत गेला. आज 'मॉनिटरिंग' म्हटले की पाहणी, राखण, वर्दी, वाटप आणि हुकूम हे सारे एकाच पोत्यात भरले जाते.

९/ नव्या यंत्रांसाठी जुनेच शब्द वापरा, असा आग्रह नाही. भेद मात्र जपायला हवा. पाहण्याला 'निगराणी' म्हणावे, बदलण्याला 'नियमन' आणि आपणहून आलेल्या खबरेला 'वर्दी'. हे तिन्ही शब्द मराठीच्या घरातलेच आहेत. पुढच्या वेळी कुठे 'संनियंत्रण कक्ष' अशी पाटी दिसली, तर एवढे जरूर विचारा : इथल्या माणसाला नुसते पाहता येते, की पाणीही वळवता येते?