तळटीप : ‘जमिनीतल्या जाळीतून येणारी ऊब’

१. लेखिका ठाण्यातल्या खोपटच्या. तिथे घर तापवायची वेळच येत नाही, म्हणून हा खुलासा. न्यू जर्सीतल्या पुष्कळ घरांत तळघरात ‘फर्नेस’, म्हणजे भट्टी असते. खोली गार झाली की थर्मोस्टॅट तिला चालू करतो. गॅसच्या आचेने धातूची पोकळ पेटी तापते, पंखा तिच्यावरून घरातलीच हवा ढकलतो. ती पत्र्याच्या नळांतून, जमिनीतल्या जाळीवाटे खोल्याखोल्यांत पोचते आणि निवल्यावर दुसऱ्या जाळीतून, गाळणीतून परत खाली येते. ज्वलनाचा धूर मात्र वेगळ्या नळीने बाहेर जातो. तो या हवेत मिसळला तर जिवावर बेतते, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी घंटी घरात हवीच. बाहेरच्या कडाक्याच्या थंड हवेत बाष्प थोडे, ती आत येऊन तापली की फारच कोरडी होते. लेखिकेचे फुटलेले ओठ आणि दाराच्या मुठीला हात लागताच बसणारा स्थिर विजेचा झटका त्यामुळेच. — संपा.