तीन फासे आणि पापमुक्तीची मुद्रा

महाडहून वरंध घाटाकडे निघाले की वाटेत बिरवाडी लागते. औद्योगिक वसाहतीमुळे आज हे गाव ओळखले जाते. पण याच परिसरात, डोंगरांच्या कुशीत, शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना तेथे केली, अशी परंपरा सांगते. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खलक्षणे येतात आणि मग उत्तम लक्षणे. माणूस हा गुणदोषांचा मेळ आहे, त्यातले काय टाकावे आणि काय जोपासावे याची ती यादीच होय.

गेल्या पावसाळ्यात बिरवाडीला बहिणीकडे मुक्कामाला होतो. रात्री उशिरा भाचा संगणकासमोर डोके धरून बसलेला दिसला. म्हणाला, "मामा, माझं बिल्ड चुकलं. आता काही होऊ शकत नाही." बहिणीच्या मते हा निव्वळ वेळेचा अपव्यय होता. मी मात्र आयुष्यभर इतिहास शिकवला. 'चुकलं, आता काही होऊ शकत नाही' हे वाक्य मला तसेच सोडवेना. हा खेळ कोठून आला, याचा मी शोध घेऊ लागलो आणि पहिला धागा थेट ख्रिस्तसभेच्या अंगणात सापडला.

सन 965 च्या सुमारास, आजच्या उत्तर फ्रान्समधील कांब्रे येथे विबोल्ड नावाचे बिशप होते. धर्मसेवकांना फासे खेळण्यास मनाई होती. मोह मात्र सुटत नव्हता. विबोल्ड यांनी फाशांचा एक नवाच खेळ रचला. तीन फासे एकदम टाकले असता, क्रम न पाहता, अंकांच्या 56 वेगवेगळ्या जुळण्या होतात. प्रत्येक जुळणीला त्यांनी एकेक सद्गुण नेमून दिला. पैशाऐवजी सद्गुण जिंकायचे, अशी ही योजना होती. खेळातील पात्र गुणांनी घडवावे, ही कल्पना अशी हजार वर्षांहून जुनी आहे.

आपल्याकडील मोक्षपट याच कुळातला. ज्ञानेश्वरांशी त्याचा संबंध परंपरेने जोडला जातो. हाती असलेले जुने पट मात्र बरेच अलीकडचे आहेत. सद्गुणांची शिडी वर नेते, काम-क्रोधादि विकारांचा साप खाली ओढतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला पोहोचला आणि सापशिडी म्हणून जगभर पसरला. परंतु विबोल्ड यांचा खेळ काय किंवा मोक्षपट काय, दोहोंत एक उणीव होती. सद्गुण दानाने पदरी पडत होता. तो निवडण्याचे स्वातंत्र्य खेळणाऱ्याला नव्हते.

ते स्वातंत्र्य पुढे अमेरिकेत आले. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पात्राला बळ, बुद्धी, शहाणपण, चापल्य, काटकपणा आणि व्यक्तिमत्त्वाची छाप असे सहा गुण असत. गुणांचे माप ठरविण्यासाठी पुन्हा तीनच फासे! बेरीज 3 ते 18. मात्र त्यापुढे योद्धा व्हावे, जादूगार व्हावे की धर्मगुरू, हे खेळणारा ठरवी. त्यातील धर्मगुरूला धारेचे शस्त्र वापरता येत नसे.

संगणक आल्यावर फासे पडद्याआड गेले. 1996 च्या अखेरीस 'डायब्लो' हा खेळ निघाला. एका गावातील कॅथेड्रलखाली पाताळ उघडले आहे आणि नायकाने तेथे उतरून सैतानाशी झुंजायचे, असे त्याचे कथानक. लढाई हाताच्या चपळाईची. पण तिचा निकाल पात्राच्या घडणीवर अवलंबून. 2000 साली 'डायब्लो 2' आला. त्यात प्रत्येक पायरी चढताना पाच गुण शरीरासाठी आणि एक गुण कौशल्यासाठी मिळतो. सर्व गुण बळात घातले तर घाव जबर बसतो, पण प्राण तकलादू राहतो. कौशल्यांच्या सगळ्या फांद्यांना थोडे थोडे पाणी घातले तर एकही फांदी फळत नाही. मर्यादित साधनांतून निवड करायची, हाच या खेळाचा गाभा होय.

यातूनच खेळणाऱ्यांची प्रतिभा फुलली. 'बीस्ट' नावाचे एक शस्त्र पाच मंत्राक्षरे ठरावीक क्रमाने बसवून सिद्ध होते आणि ते धारण करणारा अस्वलाचे रूप घेऊ शकतो. काहींनी ते नाजूक जादूगारणीच्या हाती दिले, तिच्या अग्निविद्येची जोड दिली आणि दूर उभी राहून मंत्र फेकणारी ती स्त्री अस्वल होऊन शत्रूला भिडू लागली! हे व्यवहारी हिशेबाला धरून नव्हते. पण नियम नीट समजल्यावर वेगळी वाट कशी काढावी, याचा तो वस्तुपाठ होता.

आता भाच्याचे दुःख. पहिली दहा वर्षे 'डायब्लो 2' मध्ये एकदा दिलेला गुण परत घेता येत नसे. चुकीची दुरुस्ती म्हणजे नवे पात्र आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून प्रवास. 2010 साली नियम बदलला. अकारा नावाची एक वृद्ध धर्मसेविका आरंभीचे कार्य पार पाडणाऱ्याला सर्व गुण परत देऊ लागली. सोप्या, मधल्या आणि कठीण पातळीवर प्रत्येकी एकदा. ते तीन प्रसंग संपले, तर 'टोकन ऑफ ॲब्सोल्यूशन', म्हणजे पापमुक्तीची मुद्रा मिळवावी लागते. यातना, द्वेष, भय आणि विनाश यांची चार सत्त्वे सर्वांत कठीण पातळीवरच्या दैत्यांकडून जिंकून एकत्र करावी, तेव्हा ती तयार होते. भाच्याने तिन्ही संधी वापरल्या होत्या आणि त्या दैत्यांना हरवण्याइतके त्याचे पात्र समर्थ नव्हते. ज्याला क्षमेची सर्वाधिक गरज, त्यालाच ती परवडत नव्हती.

या कलेला आता आपल्या महाराष्ट्रातही घर मिळाले आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने 2020 साली 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ आणला. त्यासाठी लोकवर्गणी उभारण्याचा प्रयत्न आधी फसला होता. तरी काम थांबले नाही. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी एक मुलगी त्याची नायिका आहे.

पालकांनी या खेळांना घड्याळाची मर्यादा अवश्य घालावी. पण मुलाने काय घडवले आणि का, हेही एकदा विचारावे. कौशल्य या अर्थाचा 'टॅलेंट' हा शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानातील रुप्यांच्या दाखल्यातूनच इंग्रजीत रूढ झाला. मिळालेले पुरून ठेवायचे की कामाला लावायचे, हा त्या दाखल्याचा प्रश्न मुलांसमोर या खेळातही असतो.

त्या रात्री मी भाच्याला संत इग्नेशियस यांची गोष्ट सांगितली. 1521 साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. पुढच्याच वर्षी माँसेराट येथे त्यांनी आपली तलवार पवित्र मातेच्या वेदीपाशी ठेवली. त्यांचे धैर्य, शिस्त आणि जिद्द तीच राहिली. ती कोणासाठी वेचायची, हे बदलले. संगणकाची क्षमा मागचा हिशेब पुसून टाकते आणि तीही कमवावी लागते. पापनिवेदनात मिळणारी क्षमा कमवावी लागत नाही. दैत्यांपुढे हरलेल्यालाही ती मिळते. मात्र ती झालेले पुसून टाकत नाही. इग्नेशियस शेवटपर्यंत लंगडतच चालले.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मामा, हेच पात्र घेऊन पुढे जायचं?"

मी म्हटले, "जाऊन तर बघ."